आठवडा सतरावा: आळस फक्त दोन

जूनच्या दुसऱ्या आठवड्यात व्यायामाला सुरुवात केली, आता ऑक्टोबरची काहिली लागलीय. आठवड्याला चार दिवस ठरवले होते, म्हणजे आजवर ६८ दिवस व्हायला हवे होते. झाले ४९. माझ्या आधीच्या सगळ्या प्रयत्नांचा एकूण आकडासुद्धा याच्या जवळपास नसेल. तरी या वेळी लिहायचंय ते बुडालेल्या १९ दिवसांबद्दल.

या खेपेला एक वेगळं केलं. व्यायाम झाला की वहीत टिक, हे सगळेच करतात. मी बुडालेल्या दिवसापुढे कारण लिहायचं ठरवलं, एका शब्दात आणि त्याच रात्री. दुसऱ्या दिवशी लिहिलं की कारण सोयीस्कर होतं. काल बेरीज केली: पाणी ६, लोकल ५, ताप आणि दुखणं ४, गणपती २, आळस २.

आळस दोन! गेली दहा वर्षं मी स्वतःला आळशी म्हणवून घेतेय. सासूबाईंना वही दाखवली. त्या म्हणाल्या, "अगं, तू आळशी असतीस तर पिंपं कोणी भरली असती?"

तर पाणी. आम्ही भांडुपला राहतो. मुंबईचं बरंचसं पाणी आमच्याच भांडुप संकुलात शुद्ध होऊन पुढे शहरात जातं, पण आमच्या इमारतीत मात्र ते पहाटे सव्वापाच-साडेपाचला येतं आणि तासाभरात जातं. धारही बारीक, एक पिंप भरायला २२ मिनिटं. नवऱ्याची पहिली पाळी, तो पाच वाजताच बाहेर पडतो. म्हणजे मैदानात पळायची माझी वेळ आणि नळाची वेळ एकच. पहिल्या पाच आठवड्यांत सहा वेळा बूट घालून दारात उभी राहिले आणि पाणी आलं. बूट काढले, नळी लावली, संपला दिवस.

सहाव्या आठवड्यात नळी पिंपात सोडली आणि ओट्याशी उभं राहून धारेकडे बघायचं सोडून जिन्यात गेले. तळमजला ते चौथा मजला, ७२ पायऱ्या, लिफ्ट नाही. वर चढायचं एका दमात, उतरायचं सावकाश, कठडा धरून. एका फेरीला दोन मिनिटं. पहिल्या दिवशी चारच फेऱ्या झाल्या आणि छाती भात्यासारखी. तिसऱ्या फेरीला दुसऱ्या मजल्यावरच्या काकूंनी दार उघडलं. "काय गं, काही विसरलीस का? सारखी वर चाललीयेस." खरं सांगितलं. आता त्या दूध घेताना फेरीचा नंबर विचारतात, त्यामुळे खोटं बोलता येत नाही.

जिना करणाऱ्यांसाठी एक सांगते. चढताना धाप लागते म्हणून आपण चढण्याला घाबरतो, पण दोन दिवसांनी मांड्या धरतात त्या उतरण्याने. उतरताना मांडीचा स्नायू लांबत असतानाच वजन पेलत असतो, नवख्या स्नायूला तेच झोंबतं. पहिल्या आठवड्यात मी लोकलच्या दारातून फलाटावर आजीबाईसारखी उतरत होते. फेऱ्या आठवड्याला एकच वाढवा.

आणि टायमर लावा. एकदा फेऱ्या मोजायच्या नादात पिंप भरून वाहिलं, पाणी ओट्याखालच्या पिठाच्या डब्यापर्यंत गेलं. सासूबाई काही बोलल्या नाहीत. तेच जास्त लागलं. तेव्हापासून १८ मिनिटांचा टायमर, नऊ फेऱ्या आणि बस.

असा तुकड्यातुकड्यांचा व्यायाम धरतात का, ही शंका मलाही होती. जागतिक आरोग्य संघटनेने २०२० च्या मार्गदर्शनात सलग १० मिनिटांची जुनी अट काढून टाकलीय. आठवड्याला मध्यम १५० मिनिटं किंवा दमवणारी ७५, थोडं थोडं केलं तरी जमेस धरलं जातं. माझा हिशोब असा: दोन दिवस जिना, बुधवारी चाल, रविवारी पळणं. दमवणारं मिनिट दुप्पट धरलं की १५० ओलांडते.

बुधवारची चाल ही लोकलची भरपाई. संध्याकाळी घरी जाऊन मग निघायचं, हे कधीच होत नव्हतं. धिमी गाडी उशिरा, घरात शिरले की चहा, आणि एकदा टेकलं की टेकलं. आता फोर्टहून निघतानाच बूट बदलते आणि भांडुपच्या आधी कांजूरमार्गला उतरून घरी चालत येते. अर्धा तास, भरभर. गर्दीच्या वेळी कांजूरला उतरणं हाच मुळात व्यायाम आहे, तो वहीत धरत नाही.

पावसाबद्दल थोडंच. भिजल्याने काही होत नाही, बूट वाळत नाहीत हा खरा त्रास. आतला तळ काढायचा, बुटात वर्तमानपत्राचे बोळे कोंबायचे, दोन तासांनी बदलायचे आणि रात्रभर आमच्या जुन्या फ्रिजच्या मागे, जिथे गरम हवा येते तिथे ठेवायचे. सकाळी वास असतो, ओल नसते.

दुखणं माझ्याच कर्माने आलं. आठव्या आठवड्यात अंगात वारं शिरलं आणि रविवारच्या तीन किलोमीटरवरून एकदम सहावर गेले. नडगीच्या आतल्या कडेला अशी कळ लागली की दोन दिवस बुडाले. त्यानंतर गणपती, मोदक, पाहुणे. त्या दोन दिवसांचं मला काडीचं वाईट वाटत नाही.

आत्याबाई अजून म्हणतात, २१ दिवस नेटाने कर, सवय लागते. लंडनमधल्या २०१० च्या एका अभ्यासात ९६ जण होते. सवय अंगवळणी पडायला सरासरी ६६ दिवसांचा अंदाज निघाला, कुणाला १८, कुणाला थेट २५४. व्यायामाला पाणी पिण्यासारख्या सवयीपेक्षा जास्त वेळ लागला. आणि एखादा दिवस चुकल्याने फारसं बिघडलं नाही. हे वाचून मी बुडालेल्या दिवसानंतर "आता सोमवारपासून" म्हणणं सोडलं.

गेल्या रविवारी पहाटेची लोकल धरून मरीन ड्राइव्हला गेले. नरिमन पॉइंट ते चौपाटी, सुमारे ३.६ किलोमीटर, न थांबता ३३ मिनिटांत. घामाने टी-शर्ट पिळून काढला. या दमट हवेत घाम वाळत नाही, म्हणून अंग निवत नाही. वेग जूनपेक्षा फारसा वाढलेला नाही आणि मी तो बघतही नाही. मेगाब्लॉकच्या, म्हणजे रुळांच्या दुरुस्तीसाठी रविवारी लोकल बंद ठेवतात त्याच्या, आत घरी पोहोचले. जानेवारीतल्या मुंबई मॅरेथॉनच्या १० किलोमीटरचं स्वप्न यंदा नको, पुढच्या वर्षी बघू.

आजची नोंद: नळ ५:२४ ला. नऊ फेऱ्या. पिंप काठोकाठ, ओटा कोरडा. काकू आज गावी, म्हणून आकड्यावर विश्वास ठेवा.