कापसाच्या गंजीतली पार्सले

२०२३ सालच्या फेब्रुवारी महिन्यात आमच्या घरचा कापूस विकायला काढला, त्या दिवसापासून फोनवरच्या न थांबणाऱ्या खरेदीचा माझा हा अनुभव सांगावा लागेल. आधीच्या हंगामात कापूस क्विंटलला दहा हजारांच्या वर गेलेला असल्यामुळे त्या वर्षी आमच्या भागात बहुतेकांनी भाव वाढण्याची वाट पाहत कापूस घरातच भरून ठेवला होता. आर्वी तालुक्यातील आमच्या घरीही मागची खोली छतापर्यंत भरलेली होती आणि त्या कापसामुळे सगळ्यांच्या अंगाला खाज सुटली होती. शेवटी माझ्या यजमानांनी गाडी सांगितली आणि मजूर गठ्ठे बांधू लागले. तासाभराने त्यांच्यातील एका बाईने कापसातून एक खाकी खोके बाहेर काढले, मग दुसरे, मग पातळ प्लास्टिकची पाकिटे. दुपारपर्यंत अंगणात ३१ पार्सले जमली. त्यांतले एकही मी उघडलेले नव्हते.

"हे काय होय वं सूनबाई?" एवढेच सासूबाईंनी विचारले. त्यांच्या आवाजात राग नव्हता, आणि म्हणूनच मला उत्तर देता आले नाही.

मी जिल्हा परिषदेच्या शाळेत शिक्षिका आहे. पगार नियमित आहे, घरी बारा एकर कोरडवाहू शेती आहे, सालदार आहे. अडचण होती ती माझ्या फोनमध्ये. रात्री स्वयंपाकघर आवरले, मुलगा झोपला, की मी अंथरुणावर पडून साड्या, डबे, चादरी, वह्या पाहत असे. पसंत केलेली वस्तू मागवली की छातीवरचे ओझे उतरल्यासारखे वाटे आणि पार्सल येईपर्यंतचे चार-पाच दिवस त्या वाट पाहण्यात बरे जात. पार्सल पोचवणारा मुलगा गावात येत नसे, फाट्यावरच्या किराणा दुकानात ठेवून जाई. शाळेतून येताना मी ते घेई आणि घरी पोचेपर्यंत माझी इच्छा मेलेली असे. उघडले तर घरात प्रश्न निघेल, परत पाठवावे तर फाट्यावर चर्चा होईल, म्हणून आधी दिवाणात, मग कोठीमागे आणि दिवाळीनंतर कापसात खुपसून ठेवणे सुरू झाले.

कर्जाचा आकडा मी त्या रात्री पहिल्यांदा कागदावर मांडला. क्रेडिट कार्डाचे १,८४,००० आणि फोनवरून घेतलेल्या लहान कर्जांचे ३८,०००, असे एकूण २,२२,००० रुपये. कार्डाची किमान रक्कम दर महिन्याला भरत असल्यामुळे आपण वेळेवर फेडतो आहोत, अशी माझी समजूत होती. यजमानांनी विवरणपत्र वाचून एकच ओळ मला दाखवली. उरलेल्या रकमेवर दरमहा साडेतीन टक्के व्याज. आमच्याकडे सावकाराचा दर शेकड्यानेच बोलला जातो आणि तीन रुपये शेकडा म्हटले तरी माणूस त्या ओट्याची पायरी चढायला कचरतो. मी साडेतीन रुपये शेकड्याने पैसे उचलले होते आणि चढायला पायरीही नव्हती.

त्याच आठवड्यात मी १४४१६ या क्रमांकावर फोन केला. केंद्र सरकारची ही टेली-मानस सेवा ऑक्टोबर २०२२ मध्ये सुरू झाली आहे. ती विनामूल्य आहे, दिवसरात्र चालते आणि मराठीत बोलता येते. गावात 'डोक्याचा डॉक्टर' म्हटले की लोक काय समजतात हे माहीत असल्यामुळे मी शाळेमागच्या कडुनिंबाखाली उभी राहून बोलले. पलीकडच्या बाईंनी मला घाईने सल्ला दिला नाही, पण प्रत्यक्ष मानसोपचारतज्ज्ञांना भेटा, असे मात्र ठामपणे सांगितले. तेव्हापासून सुमारे आठ महिने मी महिन्यातून दोनदा रजा टाकून एसटीने वर्ध्याला आणि तेथून सेवाग्रामच्या रुग्णालयात जात होते.

ही केवळ उधळपट्टी नसून एक ओळखलेली व्याधी आहे, हे मला तिथे कळले. जर्मन मानसोपचारतज्ज्ञ एमिल क्रेपेलिन यांनी शंभरहून अधिक वर्षांपूर्वी तिला 'ओनिओमेनिया', म्हणजे खरेदीचे वेड, असे नाव दिले होते. जागतिक आरोग्य संघटनेच्या २०२२ पासून लागू झालेल्या अकराव्या आजार-वर्गीकरणात आवेगावर ताबा न राहण्याच्या इतर विकारांत तिची नोंद होते. अनेकदा तिच्या जोडीला नैराश्य किंवा चिंता असते, त्यामुळे आधी ते तपासले जाते. याच सवयीसाठी म्हणून वेगळे औषध नाही. विचार आणि वर्तन यांच्यावर टप्प्याटप्प्याने काम करण्याची उपचारपद्धती हाच माझा मुख्य उपचार ठरला.

पहिले काम वहीचे होते. काही घ्यावेसे वाटले की वेळ, ठिकाण आणि त्या क्षणी मनात काय चालले होते, एवढे लिहायचे. तीन आठवड्यांच्या नोंदी वाचल्या तेव्हा दोन गोष्टी ठळक दिसल्या. बहुतेक नोंदी रात्री दहा ते साडेअकराच्या होत्या. आणि ज्या दिवशी घरात कोणी 'पुढे पाहू', 'पैसे आले की घेऊ' असे म्हटले होते, त्या रात्रीची नोंद हमखास होती. ते वाचताना मला माझे लहानपण आठवले. १९७२ पासून राज्यात कापूस एकाधिकार खरेदी योजना होती, म्हणजे शेतकऱ्याचा कापूस सरकारी यंत्रणाच विकत घेत असे. वडील कापूस केंद्रावर घालत आणि पैसे हप्त्यांनी, अनेकदा उशिरा मिळत. दप्तर असो, दिवाळीचा फ्रॉक असो की आईची साडी, प्रत्येक मागणीला आमच्या घरात एकच उत्तर असे, "चुकारा आला की घेऊ." चुकारा म्हणजे विकलेल्या कापसाचे पैसे. चुकारा यायचा तेव्हा तो सोसायटीच्या कर्जात वळता व्हायचा. फोनवर बोट टेकवताच वस्तू माझी होत होती, कोणाच्याही चुकाऱ्याची वाट पाहावी लागत नव्हती. हे समजल्यावर इच्छा थांबली नाही, पण तिच्याशी बोलता येऊ लागले.

दुसरे काम घड्याळाचे होते. ऊर्मी आली की तिच्याशी भांडायचे नाही, फक्त ती किती वेळ टिकते ते पाहायचे. पहिल्या रात्री मी अंगणात बाजेवर बसले आणि तळहात घामेजले असताना भिंतीवरच्या घड्याळाकडे पाहत राहिले. २५ मिनिटांनी घशातील आवळ सैल झाली. माझ्या आयुष्यात इतकी लांब २५ मिनिटे दुसरी नाहीत. महिनाभरात तोच काळ दहा-बारा मिनिटांवर आला.

पैशांची व्यवस्था मी आणि यजमानांनी मिळून केली. शिक्षकांच्या पतसंस्थेतून ३६ हप्त्यांचे कर्ज काढून कार्ड आणि फोनवरची कर्जे एकदम फेडली, कारण पतसंस्थेचा दर कार्डाच्या निम्म्याहूनही कमी होता. कार्ड बंद केले. एटीएम कार्डावरचे ऑनलाइन व्यवहार बँकेच्या अॅपमधून बंद केले. रिझर्व्ह बँकेच्या नियमामुळे ऑक्टोबर २०२० पासून ही सोय ग्राहकाच्या हातात आहे, पण मला तिचा पत्ता नव्हता. पगाराचे खाते यूपीआयपासून तोडले आणि वेगळ्या खात्यात आठवड्याला १,५०० रुपये ठेवून तेवढेच फोनला जोडले. हवी असलेली वस्तू वहीत लिहायची आणि पुढच्या बुधवारच्या बाजारात, रोख पैसे मोजून, तीही गरज उरली असेल तरच घ्यायची, असे ठरवले. मला सर्वांत जास्त उपयोग या शेवटच्या नियमाचा झाला. बाजारात साडी हातात घेऊन पाहता येते, दुकानदाराशी बोलावे लागते, पिशवी उचलून आणावी लागते. वहीतल्या बऱ्याच वस्तू बुधवारपर्यंत टिकत नसत.

पार्सले आम्ही सासूबाईंसोबत एका दुपारी उघडली. त्यांत एकाच शेवाळी रंगाच्या तीन साड्या निघाल्या. सासूबाई जुन्या लुगड्याची चिंधीही टाकत नाहीत, त्यांची गोधडी शिवतात. त्यांनी एकेक साडी मांडीवर घेऊन पदरावरून हात फिरवला आणि विचारले, "इतकी चांगली होती त नेसली काहून नाही?" त्यांतली एक त्यांनी नेसावी म्हणून मी हट्ट धरला. बाकीच्या वस्तूंपैकी काही नातलगांच्या लग्नांत आहेर म्हणून दिल्या, काही शाळेतील मुलांना दिल्या.

त्याच वर्षी दिवाळीच्या आधी मी पुन्हा घसरले. मोठ्या सवलतींचे दिवस होते, शाळेत तपासणीवरून मला बोलणे बसले होते, आणि रात्री काढून टाकलेले अॅप परत घेऊन मी रोखीने पैसे देण्याच्या अटीवर ४,७०० रुपयांच्या तीन साड्या मागवल्या. पडद्यावर 'फक्त २ शिल्लक' असे लिहिलेले होते आणि बाजूला काट्यासारखे सेकंद सरकत होते. नोव्हेंबर २०२३ च्या अखेरीस केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणाने ग्राहकाला फसवणाऱ्या अशा १३ युक्त्यांना मनाई करणारी मार्गदर्शक तत्त्वे काढली आणि खोटी घाई लावणे ही त्यांतली एक आहे, हे नंतर वाचनात आले तेव्हा मला खरोखर दिलासा वाटला. त्या रात्री मात्र मी यजमानांना उठवून सांगितले. त्यांनी दिवा लावला, वही आणून दिली आणि मी लिहीपर्यंत जवळ बसून राहिले. दोन साड्या तेव्हाच रद्द केल्या, तिसरी फाट्यावरच नाकारली. डॉक्टरांनी पुढच्या भेटीत त्या नोंदीतील वेळ पाहिली. मागवण्यापासून सांगण्यापर्यंत ४० मिनिटे गेली होती. आधी मी दोन वर्षे सांगितले नव्हते.

आज पतसंस्थेचे तीन हप्ते उरले आहेत. वही चालू आहे, पण आठवडा-आठवडा तिच्यात काही लिहावे लागत नाही. गेल्या पंधरवड्यात यंदाची दुसरी वेचणी झाली आणि मागच्या खोलीत कापूस भरला. खोलीत उतरून तो तुडवण्याचे काम या वेळी मी मागून घेतले. कोठीमागचा कोपरा आधी भरला आणि भिंतीला टेकेपर्यंत पायाने दाबला.