निगेटिव्हवरची पेन्सिल

आर्वीतल्या आमच्या स्टुडिओत वडिलांनी काढलेल्या फोटोंच्या निगेटिव्ह अजून बटरपेपरच्या पाकिटांत नंबर टाकून ठेवलेल्या आहेत. गेल्या पावसाळ्यात जवळच्या खेड्यातली एक मुलगी आजी-आजोबांच्या लग्नाचा, ओल लागून पार खराब झालेला फोटो घेऊन आली, तेव्हा १९७१ च्या वहीत गाव शोधून मी ते पाकीट काढले.

निगेटिव्ह १२० फिल्मवरची होती, सहा सेंटिमीटर चौरस. दिव्याच्या काचेवर ठेवल्यावर नेहमीप्रमाणे केस पांढरे आणि चेहरे काळे दिसले; पण ती तिरपी धरली, तेव्हा इमल्शनच्या, म्हणजे फिल्मवरच्या रासायनिक थराच्या, बाजूने नवरीच्या गालांवर पेन्सिलचे शिसे चमकू लागले. भिंगातून पाहिले तर स्वल्पविरामासारख्या शेकडो बारीक रेघा होत्या, नाकाच्या कडेला दाट, हनुवटीकडे विरळ. कातडीवरच्या खळग्यात सावली पडते, ती जागा निगेटिव्हवर पारदर्शक राहते आणि प्रिंटवर काळी उमटते; तेवढ्याच जागेत पेन्सिल भरली की प्रिंटवर खळगा उरत नाही. वडिलांना हे रिटचिंग करताना मी लहानपणी पाहिले आहे, पण एका चेहऱ्यावर एवढे काम कधी पाहिले नव्हते. ते देवीचे वण होते. भारतातला देवीचा शेवटचा रुग्ण १९७५ सालचा, म्हणजे लग्नाच्या वेळी तो रोग गेलेलाही नव्हता. ज्या चेहऱ्याला घरातले सगळे पन्नास वर्षे आजीचे तरुणपण समजत आले, तो निम्मा माझ्या वडिलांच्या हातचा होता.

मी मुलीला आजींना घेऊन यायला सांगितले. आजींनी भिंगातून बराच वेळ पाहिले.

"माह्या सासूनं सांगतलं होतं, पोरीचे वण दिसू देऊ नका म्हनून," त्या म्हणाल्या. "पुसून टाक बाबू."

टर्पेंटाइनने ती पेन्सिल निघते, हे मला ठाऊक होते, तरी हात धजेना; वडिलांच्या कित्येक रात्रींचे कसब त्या रेघांत होते. आधी निगेटिव्ह आहे तशी स्कॅन करून ठेवली, मग कापसाचा बोळा हलकेच फिरवला. बोळा करडा झाला.

नव्या प्रिंटमध्ये अठरा वर्षांची, वण असलेली, सरळ कॅमेऱ्यात पाहणारी नवरी उमटली. आजींनी दोन प्रती मागितल्या, आणि फ्रेम मात्र जुनीच लावायची, असे बजावले.