तुम्ही विचारलंत म्हणून: डोंगराळ शहरात खडीचा रस्ता कसा निवडावा

मी ग्रॅव्हल सायकल, म्हणजे कच्च्या रस्त्यांसाठी रुंद टायरची सायकल, चालवतो हे ज्यांना ठाऊक आहे, त्यांच्याकडून एक प्रश्न हमखास येतो. शहर सगळे टेकड्यांवर वसलेले, जावे तिकडे चढ नाहीतर उतार. अशा शहरात आणि त्याच्या आसपास खडीचे, मुरमाचे चांगले रस्ते शोधायचे कसे आणि त्यांची फेरी आखायची कशी? विचारणाऱ्याला बहुधा नकाशावरची एक तयार रेघ हवी असते. ती मी आनंदाने देतो, पण सोबत दिशाही लिहून देतो, कारण डोंगराळ मुलखात तीच रेघ उलट्या दिशेने धरली की तो निराळाच रस्ता होतो.

माझा मुख्य नियम असा आहे की तीव्र चढ डांबरावर चढावा आणि खडीवरून सौम्य उताराने खाली यावे. सुट्या खडीवर चढ दहा-बारा टक्क्यांच्या पुढे, म्हणजे शंभर मीटर अंतरात दहा-बारा मीटर उंचीच्या पुढे, गेला की दोन्हीकडून अडचण होते. जोर लावण्यासाठी उभे राहावे तर मागच्या चाकावरचा भार कमी होऊन ते जागच्या जागी फिरते, आणि बसून राहावे तर पुढचे चाक हलके होऊन भरकटते. उतरताना हाच रस्ता अधिक कठीण जातो, कारण ब्रेकची ताकद शेवटी टायर जमिनीला किती धरतो यावर असते आणि सुटी खडी डांबराइतकी पकड देत नाही. तीन-चार टक्के उताराच्या खडीवर मात्र हात मोकळे राहतात, नजर लांब जाते आणि सायकल आपल्या लयीत धावते.

हा फरक एकाच परिसरात पाहायचा असेल तर कॅलिफोर्नियात, सॅन फ्रान्सिस्को या चढ-उतारांच्या शहराच्या उत्तरेला तशी जागा आहे. माउंट टॅमलपायस या डोंगरावर १८९६ साली एक पर्यटक रेल्वे सुरू झाली आणि १९३० मध्ये ती बंद पडली. तिचे रूळ गेले, पण पायवाट म्हणून तिचा मार्ग राहिला, आणि आज सायकलस्वार त्याच कच्च्या रस्त्याने डोंगर चढतात. त्या मार्गाचा सरासरी चढ सुमारे पाच टक्के आहे आणि सात टक्क्यांच्या वर तो सहसा जात नाही, कारण वाफेच्या इंजिनाला त्याहून अधिक झेपले नसते. हा चढ जमवण्यासाठी सुमारे तेरा किलोमीटरांत २८१ वळणे घ्यावी लागली. तिथून जवळच आग विझवणाऱ्या गाड्यांसाठी काढलेला दुसरा कच्चा रस्ता आहे, जो साधारण साडेतीन किलोमीटरांत जवळजवळ चारशे मीटर खाली उतरतो. १९७६ पासून तिथे जुन्या जाड टायरच्या सायकलींच्या शर्यती झाल्या. उलटे पेडल मारून लावायचा त्यांचा मागचा ब्रेक या उतारावर इतका तापे की हबमधले, म्हणजे चाकाच्या मधल्या तुंब्यातले, ग्रीस जळून जाई आणि शर्यतीनंतर हब उघडून ते नव्याने भरावे लागे. त्या रस्त्याला ‘रिपॅक’ हे नाव त्यावरूनच पडले. दोन्ही रस्ते कच्चेच आहेत, पण एकाला इंजिनाने शिस्त लावली आणि दुसऱ्याला कोणीच लावली नाही.

म्हणून नव्या ठिकाणी मी आधी एकच गोष्ट शोधतो: ज्याला चढ झेपत नाही असे काय या डोंगरांतून कधी गेले? जुनी रेल्वे गेली असेल तर तिचा मार्ग सहसा दोन-तीन टक्क्यांच्या आत असतो. पाणी गेले असेल, म्हणजे डोंगराच्या कडेने कालवा किंवा शहराला पाणी पुरवणारी जुनी वाहिनी असेल, तर तिच्या देखभालीची वाट जवळजवळ सपाट असते, आणि डोंगराळ शहरात सपाट किलोमीटर ही मोठी मिळकत आहे. लाकडाने भरलेले ट्रक गेले असतील तर जंगलातले रस्ते नागमोडी आणि बेताच्या चढाचे असतात. जलाशयांभोवतीचे रस्ते आणि दोन दऱ्यांमधल्या धारेवरच्या जुन्या वाटा यांचाही मी शोध घेतो. माणसांनी आणि गुरांनी पाडलेल्या वाटांवर मात्र माझा भरवसा कमी असतो, कारण पाय जवळचा मार्ग पाहतात आणि जवळचा मार्ग बहुधा सरळ वर जातो.

हे सारे समोच्च रेषांच्या, म्हणजे सारख्या उंचीच्या जागा जोडणाऱ्या रेषांच्या, नकाशावर दिसते. रस्ता त्या रेषांना समांतर जात असेल तर तो सौम्य असतो आणि त्यांना एकामागोमाग एक छेदत असेल तर तीव्र. २००४ साली सुरू झालेल्या ओपनस्ट्रीटमॅप या लोकांनी मिळून बनवलेल्या ऑनलाइन नकाशावर अनेक कच्च्या रस्त्यांना एक ते पाच अशी प्रतही दिलेली असते, ज्यात एक म्हणजे डांबरी किंवा घट्ट दाबलेला आणि पाच म्हणजे मऊ मातीचा. एक ते तीन या प्रतींवर मी विसंबतो. चार दिसली की उपग्रहाचे चित्र उघडून पाहतो.

चढाच्या आकड्यांबद्दल मात्र सावध राहावे. मार्ग आखून देणारी अनेक साधने उंचीसाठी फेब्रुवारी २००० मधल्या अंतराळयान-मोहिमेत रडारने मोजलेली माहिती वापरतात, आणि तिच्यात सुमारे तीस मीटरच्या चौकटीला एकच उंची असते. उभ्या कड्याच्या अंगाने जाणारी चार मीटर रुंद वाट या चौकटीत हरवते. रेघ क्षणात कड्याच्या वरच्या चौकटीत पडते आणि क्षणात खालच्या, आणि चढ-उताराच्या आलेखावर करवतीसारखे दात उमटतात. पाण्याच्या वाहिनीकडेची एक वाट अशा आलेखामुळे मी कितीतरी दिवस टाळली. प्रत्यक्ष गेलो तेव्हा चार किलोमीटरांत गिअर बदलण्याची वेळही फारशी आली नाही. बोगदे आणि पूल यांच्या बाबतीत हेच घडते, कारण साधन तुम्हाला डोंगरावरून आणि दरीतून नेते. तेव्हा आलेखाचे दात दिसले की आधी समोच्च रेषा पाहाव्यात आणि मगच घाबरावे.

दिशेचा नियम मी पडून शिकलो. ओळखीची एक फेरी, नेहमी सकाळी करायची ती, एकदा वेळ वाचवण्यासाठी संध्याकाळी उलटी केली. ज्या खडीच्या टप्प्यावर मी धापा टाकत हळूहळू चढत असे, त्याच टप्प्यावर आता वेगाने उतरत होतो. आठवडाभर पाऊस झालेला होता. एका डाव्या वळणावर बाहेरच्या बाजूला सरकलो आणि पुढचे चाक एकाएकी पाण्यावर गेल्यासारखे निसटले. तळहातात रुतलेले खडे काढत तिथेच बसलो असताना तो रस्ता मला पहिल्यांदा नीट दिसला. गाड्यांच्या चाकांनी दाबून काढलेल्या दोन चाकोऱ्या होत्या, गडद आणि कठीण. त्यांच्या मधोमध उडालेल्या खड्यांचा उंचवटा होता, आणि वळणाच्या बाहेरच्या काठाला, जिकडे प्रत्येक गाडी खडी लोटते, घोट्याएवढा सुट्या खडीचा ढीग होता. वरच्या उतारावरची बारीक भुकटी पावसाने धुऊन खाली नेली होती, त्यामुळे खड्यांना बांधून ठेवणारे काही उरलेच नव्हते.

तेव्हापासून मी चाकोरी वळणाच्या आधीच निवडतो आणि वळणात ती बदलत नाही. ब्रेकचे काम वळणाआधी, सरळ रेषेत उरकून घेतो. रस्त्यावर पन्हाळी पत्र्यासारख्या आडव्या लाटा उमटलेल्या दिसल्या की पुढे वळण किंवा चढ आहे हे समजावे, कारण गाड्या जिथे ब्रेक लावतात किंवा वेग घेतात तिथे त्या अधिक उठतात. जंगलातल्या रस्त्यांवर पाणी बाजूला काढण्यासाठी घातलेले तिरपे बांधही असतात. ते शक्य तितके काटकोनात ओलांडावेत.

सायकलीबद्दल थोडक्यात सांगतो. चाळीस ते पंचेचाळीस मिलिमीटर रुंद ट्यूबलेस टायर पुरतात, आणि त्यांत हवा डांबराच्या सवयीपेक्षा कमी ठेवावी. गिअरकडे अधिक लक्ष द्यावे: पुढच्या दातेरी चक्राचे दात मागच्या सर्वांत मोठ्या चक्राइतके किंवा त्याहून कमी असावेत. समसमान दात असले आणि पेडल मिनिटाला साठ फेरे फिरले, तर वेग तासाला पावणेआठ किलोमीटरांच्या आसपास पडतो, आणि दहा टक्क्यांच्या चढावर बहुतेकांना याहून अधिक वेग टिकवता येत नाही.

फेरी आखताना शहरातल्या टप्प्याकडे लोक दुर्लक्ष करतात, आणि माझ्या मते निम्म्या फेऱ्या तिथेच बिघडतात. घर टेकडीवर असेल तर शेवटचा चढ दमलेल्या पायांनी चढायचा असतो, म्हणून तो मी आधी ठरवतो आणि बाकीची फेरी त्याच्या मागे जोडतो. शहरातल्या उभ्या डांबरी गल्ल्या वर जायला उत्तम असतात, पण तिथून उतरताना दर पन्नास पावलांवर थांबावे लागते. उतरण्यासाठी बागांचे आणि नदीकाठचे कच्चे रस्ते बरे, मात्र तिथे चालणाऱ्यांचा हक्क पहिला. त्यांच्या मागून जाताना घंटी लांबूनच वाजवावी, वेग चालण्याइतका करावा, आणि सकाळच्या गर्दीत ती वाट सोडून द्यावी. अंतर मोजताना प्रत्येक शंभर मीटर चढासाठी मी दोन किलोमीटर जास्तीचे धरतो, म्हणजे तीस किलोमीटर आणि सहाशे मीटर चढाची फेरी माझ्या हिशेबी बेचाळीस किलोमीटरची होते, आणि अंधार पडण्याची वेळ त्यावरून काढतो.

पहिली फेरी वीस-पंचवीस किलोमीटरची घ्या आणि महिनाभर तीच करा, एकदा कोरड्यात आणि एकदा पावसानंतर दोन दिवसांनी. चिखल ओला असताना जाऊ नका, कारण तेव्हा पडलेली चाकोरी पुढे वाळून दगडासारखी होते आणि मागून येणाऱ्याला ती महिनोन्महिने सोसावी लागते. मी पडलो त्या वळणावरून आता चढतानाच जातो, आणि तिथे पोहोचलो की बाहेरच्या काठाचा तो ढीग वाढला की कमी झाला हे पाहून घेतो. पुढच्या उतारावर ब्रेक किती सैल सोडायचे, ते त्यावरून ठरते.