जी जन्मलीच नाही

रविवार, रात्री साडेअकरा

मेरी शेलीचं 'फ्रँकेन्स्टाइन' आज तिसऱ्यांदा वाचून संपवलं. पहिल्यांदा भुतासाठी वाचलं होतं, दुसऱ्यांदा परीक्षेसाठी. या वेळी राक्षसापेक्षा त्याला घडवणाऱ्या व्हिक्टरचीच जास्त भीती वाटली, तीही एकाच प्रसंगात.

स्कॉटलंडच्या उत्तरेला, ऑर्कनीतलं एक खडकाळ बेट. तीन झोपड्या, पाच माणसं. तिथे तो दुसरं शरीर बनवत बसलाय, राक्षसानं मागितलेली जोडीदारीण. काम बरंच पुढे गेलंय, आणि एका संध्याकाळी त्याच्या मनात येतं : माणसांपासून लांब राहायचा शब्द राक्षसानं दिलाय, तिनं कुठे दिलाय? तिला तो आवडलाच नाही तर? त्यांना पोरं झाली तर? शंका अगदीच खुळी नाही म्हणा, पहिल्या पोराच्या हातचा एक खून तोवर झालेला असतो. पण त्या पहिल्याला घडवताना या गृहस्थाला असला एकही प्रश्न पडला नव्हता. तेव्हा डोळ्यांपुढे होती ती आपले उपकार मानणारी नवी प्रजाती. परिणाम आठवले ते टेबलावर बाईचं शरीर आल्यावर! राक्षस खिडकीतून बघत असताना तो तिचे तुकडे करतो. मग ते टोपलीत भरतो, त्यात दगड घालतो आणि रात्री होडीतून नेऊन समुद्रात बुडवतो. तिनं डोळेही उघडले नव्हते. ती 'नाही' म्हणेल, एवढ्या संशयावर निकाल लागला.

आणि एलिझाबेथ, व्हिक्टरची होणारी बायको. १८३१ च्या आवृत्तीत व्हिक्टरची आई तिला घरी आणते ती 'माझ्या व्हिक्टरसाठी छानशी भेट' म्हणून. १८१८ च्या पहिल्या आवृत्तीत तो इंग्लंडला निघतो तेव्हा तिला वाईट वाटतं ते इतकंच, की जग बघायची, बुद्धीला धार लावायची अशी संधी आपल्याला नाही. एकच वाक्य आहे, कथा पुढे निघून जाते. मी पेन्सिलीनं रेघ मारून तिथेच थांबले. 'तुझ्या लग्नाच्या रात्री मी येईन' ही राक्षसाची धमकी व्हिक्टरला स्वतःसाठीच वाटते. ज्याची जोडीदारीण याच्या हातून गेली, तो कुणासाठी येईल हे शेंबड्या पोरालाही कळावं. हा पिस्तूल बाळगून घरभर फिरतो आणि नवरीला खोलीत एकटी पाठवतो.

हे लिहायला घेतलं तेव्हा मेरी अठरा वर्षांची होती. तिची आई मेरी वुलस्टनक्राफ्ट. स्त्रियांच्या हक्कांवर तिनं १७९२ मध्ये पुस्तक लिहिलं आणि १७९७ मध्ये हिला जन्म देऊन थोड्याच दिवसांत ती बाळंतज्वरानं गेली. १८१५ मध्ये मेरीची स्वतःची अपुऱ्या दिवसांची मुलगी गेली. त्या मार्चमध्ये तिनं रोजनिशीत एक स्वप्न टिपून ठेवलंय : बाळ पुन्हा जिवंत झालं, ते नुसतं गारठलं होतं, शेकोटीपुढे चोळलं आणि ते जगलं.

हे वाचून व्हिक्टरकडे परत गेले. त्याचं पोर पिवळट डोळे उघडतं, श्वास घेतं, आणि हा खोलीबाहेर पळतो. जाऊन चक्क झोपतो.

पुस्तक निघालं तेव्हा त्यावर तिचं नाव नव्हतं. प्रस्तावना नवऱ्यानं लिहिलेली, त्यामुळे पुस्तकही त्याचंच असं काहींना वाटलं. या गोष्टीचं मला आता नवल वाटेनासं झालंय, राग मात्र येतो.

झोपायच्या आधी एकच लिहून ठेवते. व्हिक्टरच्या तोंडून ऐकलेली ही सगळी हकिकत वॉल्टन हा ध्रुवाकडे निघालेला प्रवासी पत्रांतून सांगतो ती त्याच्या बहिणीला, इंग्लंडमधल्या मार्गारेट सॅव्हिलला. तिचं एकही उत्तर पुस्तकात नाही. माहेरचं वॉल्टन आडनाव मध्ये धरलं तर तिची आद्याक्षरं मेरी वुलस्टनक्राफ्ट शेलीचीच होतात. पहिलं पत्र ११ डिसेंबरचं, शेवटची नोंद १२ सप्टेंबरची. मघाशी बोटांवर महिने मोजले, मग परत एकदा मोजले.