पीव्हीरिसाइझ अडलं ते शेपटाला बसलेल्या स्वॅपमुळे

लिनक्सवरचं एलव्हीएमचं (डिस्कची जागा व्हॉल्यूममध्ये वाटणारी व्यवस्था) पार्टिशन लहान करायचं होतं. त्यातला रूट व्हॉल्यूम (मुख्य सिस्टम असलेला) ४५० जीआयबीवरून (१०२४ च्या पटीतला जीबी) २०० वर आला, त्याबद्दल फार सांगण्यासारखं नाही. त्यावरची फाइलसिस्टम एक्सटी४, ती माउंट (वापरात) असताना लहान होत नाही, म्हणून लाइव्ह यूएसबी, व्हॉल्यूम चालू करायला 'व्हीजीचेंज -एवाय', फाइलसिस्टम तपासायला 'ई२एफएसके -एफ'. फाइलसिस्टम आधी १९० वर, मग एलव्हीरिड्यूसने व्हॉल्यूम २०० वर, शेवटी आकडा न देता रिसाइझ२एफएस (फाइलसिस्टमचा आकार बदलणारी आज्ञा). मधला फरक तो स्वतः भरून घेतो. क्रम उलटा झाला तर शेवटाकडचा डेटा गेलाच.

घोडं अडलं पुढे. पीव्ही, म्हणजे एलव्हीएमच्या ताब्यातली पार्टिशनची जागा, कमी करायला 'पीव्हीरिसाइझ --सेटफिजिकलव्हॉल्यूमसाइझ २०९जी' दिलं, तर म्हणे ५३५०३ एक्स्टेंटवर (एलव्हीएम जागा ज्या तुकड्यांत मोजतं ते) आणता येत नाही, पुढचे वापरात आहेत. अरे, व्हीजीएस (मोकळी जागा दाखवणारी आज्ञा) तर अडीचशेच्या वर जीआयबी मोकळे दाखवतंय! मोकळे आहेत, पण मधोमध. 'पीव्हीएस -व्ही --सेगमेंट्स' पाहिलं की उलगडा होतो: रूट ० ते ५११९९, मग ६४००० एक्स्टेंटचं भगदाड, आणि ११५२०० पासून ८ जीआयबीचं स्वॅप (रॅम अपुरी पडली की वापरायची जागा). एक एक्स्टेंट ४ एमआयबीचा, म्हणजे स्वॅपचे २०४८. एलव्हीएम ते आपणहून सुरुवातीकडे सरकवत नाही.

सरकवायची आज्ञा: 'पीव्हीमूव्ह --ॲलोक एनीव्हेअर /डेव्ह/एसडीए३:११५२००-११७२४७ /डेव्ह/एसडीए३:५१२००-५३२४७'. त्यातलं 'एनीव्हेअर' विसरलात तर त्याच डिस्कवर हलवायला ते साफ नकार देतं, आणि कारण सांगतं जागा नसल्याचं. इथेच माझं डोकं सर्वात जास्त तापलं. स्वॅप उडवून नवं करणं सोपं वाटतं, पण यूयूआयडी (त्याची ओळख) बदलतो आणि मग एफएसटॅब (बूट होताना काय जोडायचं याची यादी) दुरुस्त करत बसा.

आता पार्टिशनच लहान करायला पार्टेड. त्याच्या 'रिसाइझपार्ट'ला आकार नव्हे, शेवट कुठे ते हवं असतं. शिवाय त्याचा जीबी हजाराच्या पटीतला: २१० जीआयबी म्हणजे जवळपास २२५.५ जीबी. सरळ 'युनिट एस' (मोजमाप सेक्टरमध्ये) करा, सुरुवातीच्या सेक्टरमध्ये ४४०४०१९१९ मिळवा (५१२ बाइटचे सेक्टर धरून) आणि तो शेवट द्या. पीव्ही २०९ आणि पार्टिशन २१० ठेवलं ते मुद्दाम, चूक झाली तरी एक जीआयबीची गादी असते. नंतर नुसतं पीव्हीरिसाइझ चालवलं की तीही वापरात येते.

हो, आणि हे सगळं सुरू करण्याआधी 'एलएसबीएलके -एफ' बघा, कुठली फाइलसिस्टम आहे ते कळतं. तिथे एक्सएफएस (अशी लहान करता न येणारी फाइलसिस्टम) दिसलं तर यातलं काहीच लागू नाही: बॅकअप, नवी फाइलसिस्टम, रिस्टोर.