घाटासाठी बसवलेला जादा टेम्परेचर गेज

आमच्या जुन्या ट्रकचा मूळ काटा हलेपर्यंत कसारा घाटात इंजिन बरेच तापलेले असे, म्हणून गेल्या आठवड्यात मी अंशांत तापमान दाखवणारा स्वतंत्र गेज बसवला. सेन्सरची जागा ठरवण्यातच निम्मा दिवस गेला. रेडिएटरच्या खालच्या होजमध्ये गार झालेले कूलंट (इंजिन थंड ठेवणारा द्रव) असते. इंजिनाचे खरे तापमान हवे असेल, तर सेन्सरचे टोक सिलिंडर हेडमधून बाहेर पडणाऱ्या कूलंटमध्ये, थर्मोस्टॅटच्या (तापमानानुसार कूलंटची वाट उघडणाऱ्या झडपेच्या) इंजिनाकडील बाजूस, पूर्ण बुडालेले असावे लागते. तेथील बंद प्लग मी इंजिन थंड झाल्यावरच काढला.

एकतारी सेन्सरला अर्थिंग, म्हणजे विजेची परतीची वाट, त्याच्या आट्यांमधूनच मिळते. मी आधी टेफ्लॉन टेप जास्त गुंडाळली आणि काटा कमी तापमान दाखवू लागला, कारण अशा सेन्सरचा रोध तापमान वाढेल तसा घटतो आणि खराब अर्थिंगमुळे वाढलेला रोध गेजला थंड इंजिनासारखा भासतो. चालकाला खोटा दिलासा देणारी ही चूक मला फार धोकादायक वाटते. टेप काढून आट्यांवर थोडेसे सीलंट लावले, कूलंट भरून हवा काढली आणि काटा ८५ अंशांच्या आसपास स्थिरावला. मूळ सेन्सर मात्र जागेवरच ठेवला आहे.