पंखा फिरत होता

तीन आठवडे झाले तरी ती यामाहा आर१५ मोटरसायकल डोक्यातून जात नाहीये, म्हणून लिहून काढतोय.

माझं गॅरेज नाशिकच्या अंबडला आहे, सोळा वर्षं झाली. एप्रिल-मे म्हणजे आमच्याकडे गरम होणाऱ्या गाड्यांचा सीझन. तेव्हाच एक पोरगा आला, इथल्याच एका कंपनीत शिफ्टला आहे, गाव मालेगावजवळ, शनिवारी घरी जातो आणि सोमवारी परत येतो. सेकंडहँड आर१५ व्हर्जन टू घेतलेली, २०१४ चं मॉडेल, ४१ हजार रनिंग. म्हणाला, "दादा, उन्हात टेंपरेचरची लाईट लागते, तेवढं बघा, आणि जमलं तर सायलेन्सर पण बदलायचाय."

सायलेन्सरचं राहू दे म्हटलं, आधी इकडे ये, मागच्या टायरवर काय लिहिलंय वाच. २२१५. म्हणजे २०१५ सालच्या बाविसाव्या आठवड्यात बनलेला टायर, नक्षी शिल्लक पण रबर दगडासारखं झालेलं आणि बाजूला बारीक चिरा. मे महिन्यात दुपारी हायवेचं डांबर किती तापतं हे त्यावर गाडी चालवणाऱ्याला सांगायला नको, आणि त्यावर हा टायर घेऊन हा पोरगा ८० ने जाणार. ब्रेक ऑईल चहासारखं काळपट. डॉट ४ ऑईल नवीन असताना २३० डिग्रीला उकळतं, हवेतलं पाणी शोषून शोषून ते १५५ पर्यंत खाली येतं, मग घाटात ब्रेक मारत उतरताना लिव्हर एकदम मऊ पडतो. लोक सेकंडहँड गाडी घेतात आणि पहिले पैसे आवाजावर आणि स्टिकरवर घालतात याचा मला खरंच राग येतो. या पोराने मात्र ऐकलं. सायलेन्सरचे पैसे टायर, ब्रेक ऑईल आणि जाळीच्या जॅकेटवर गेले.

मग कूलिंगकडे वळलो. टाकी, फेअरिंग उतरवलं तर आत आधीच्या कारागिराची सगळी करामत. कूलंटच्या, म्हणजे इंजिन थंड ठेवणाऱ्या द्रवाच्या जागी बोअरचं पाणी, होजच्या तोंडाशी क्षाराचा पांढरा थर. थर्मोस्टॅट, म्हणजे इंजिन तापेपर्यंत कूलंट रेडिएटरकडे जाऊ न देणारा व्हॉल्व्ह, काढून फेकलेला, कारण कोणीतरी सांगितलेलं असतं की तो काढला की गाडी थंड राहते. थंडीत इंजिन गरमच होत नाही, पेट्रोल जास्त पितं, ते कोण सांगणार. रेडिएटरच्या पुढे मच्छरदाणीसारखी बारीक जाळी, तिच्यात चिखल आणि किडे भरून हवेला वाटच नाही. पंखा दुसऱ्या कुठल्यातरी गाडीचा, दोन्ही वायरी काळ्या, पंखा आपोआप लावणारा रिले बाजूला टाकून हँडलला टॉगल स्विच. लाईट लागली की गिऱ्हाईकाने स्वतः बटण दाबायचं. पैसे घेऊन असं काम करणाऱ्याने पाना हातात धरू नये, हे माझं स्पष्ट मत आहे.

मी सगळं नीट केलं. दोन वेळा डिस्टिल्ड वॉटरने फ्लश, नवीन थर्मोस्टॅट आधी पातेल्यात पाणी तापवून थर्मामीटर लावून तपासला, ८० च्या आसपास उघडला तेव्हाच बसवला. रेडिएटरच्या वाकलेल्या फिन्स बारीक स्क्रू ड्रायव्हरने एकेक सरळ केल्या, त्यात माझा अख्खा दुपारचा वेळ गेला पण त्या कामात मला आनंद असतो. कॅप नवीन टाकली, कारण पाणी साधं १०० ला उकळतं ते कॅपच्या दाबाखाली १२० च्या आसपास जातं, आणि कॅपचं रबर गेलं की तो सगळा फायदा गेला. कूलंट भरून हवा काढली. टॉगल काढून पंखा परत रिलेवर आणला म्हणजे सेन्सरच्या हिशोबाने आपोआप लागेल. वायरी नवीन कपलरमध्ये घातल्या, जशा होत्या तशाच.

वीस मिनिटं उभ्या गाडीवर आयडलिंगला ठेवली, पंखा लागला, बंद झाला, परत लागला, लाईट नाही. हायवेला पाथर्डी फाट्यापुढे जाऊन ६०-७० ने ट्रायल घेतली, लाईट नाही. गाडी दिली. देताना एवढं बजावलं की कधी गरम झालीच तर रेडिएटरच्या कॅपला हात लावायचा नाही.

पुढच्या सोमवारी दुपारी अडीचला फोन. "दादा, चांदवडजवळ राहुड घाटात आहे. लाईट लागली, वाफ आली." कॅप? "नाही उघडली, तुम्ही बोलला होतात." इंजिन? "दिसल्यावर चार-पाच मिनिटं चालवली, थांबायला जागाच नव्हती, मग बंद केली." हे ऐकून पोटात गोळा आला. या इंजिनला डायसिल सिलिंडर असतो, अॅल्युमिनियमचा, आत लोखंडी लाइनर नाही. तो गरम होऊन जाम झाला तर आतून घासून मोठा करून चालत नाही, ब्लॉकच बदलायचा, आणि त्या पोराचा महिन्याचा पगार मला माहीत आहे.

भाच्याला पिकअप काढायला लावली. चांदवड सोडून पुढे गेलो तर पोरगा एका कडुनिंबाखाली गाडी लावून बसलेला, जॅकेट काढलेलं, शर्ट घामाने चिकटलेला. पुढे कांद्याचे ट्रॅक्टर रांगेने चाललेले, उन्हाळ कांद्याचे दिवस, त्यांच्यामागे पहिल्या-दुसऱ्या गिअरला बराच वेळ सरकत आला होता.

गाडी पूर्ण थंड होऊ दिली, कूलंट भरलं, स्टार्ट केली. लीक नाही, पंप ठीक, पंखा लागला, तोच आवाज. मग मला कळेना काय बघू. सहज पुढच्या चाकामागे, रेडिएटरसमोर हात धरला तर तळहाताला गरम हवा लागली.

तिथे गरम हवा लागायलाच नको. पंखा पुढून हवा ओढतो आणि मागे इंजिनकडे फेकतो. पोराने आणलेल्या वडापावचा कागद पडला होता, तो रेडिएटरसमोर धरला. चिकटायला हवा होता, तो चाकाकडे फडफडत राहिला. पंखा उलटा फिरत होता. त्या दोन काळ्या वायरी आधीच्या माणसाने उलट जोडलेल्या, आणि मी त्या तशाच नवीन कपलरमध्ये घातल्या.

उभ्या गाडीवर उलटा पंखासुद्धा थोडीफार हवा आरपार काढतो, म्हणून गॅरेजमध्ये पास झाला. ७० च्या वेगाला समोरचा वारा पंख्याला ढकलून आत घुसतो, म्हणून ट्रायलमध्ये पास झाला. ट्रॅक्टरमागे पंधरा-वीसच्या वेगाला समोरची हवा आत येऊ बघते, पंखा ती बाहेर ढकलतो आणि रेडिएटरमध्ये काहीच हलत नाही. तेवढा एकच वेग मी तपासला नव्हता, आणि तोच त्या पोराच्या रस्त्यावर होता.

तिथेच वायरी अदलाबदल केल्या. कागद चप्पकन फिन्सला चिकटला, सोडला तरी पडेना. मी पोराला सांगितलं की चूक माझी आहे, पंखा मी कानाने तपासला, हाताने नाही. तो म्हणाला, "पण दादा, पंखा तर फिरत होता ना." मलाही तेव्हा तेवढंच पुरेसं वाटलं होतं. सोळा वर्षांत किती गाड्या अशा आवाजावर पास केल्या, तो हिशोब आता लागत नाही.

गॅरेजला आणून थंड इंजिनवर कॅप काढून बुडबुडे पाहिले, ऑईल पाहिलं, कॉम्प्रेशन मोजलं. ऑईल स्वच्छ, कॉम्प्रेशन ठीक, बुडबुडे सुरुवातीला दोन-तीन आले आणि थांबले. ती आत राहिलेली हवा असेल किंवा हेड गॅस्केट, म्हणजे सिलिंडर आणि हेडमधलं सील, जायची सुरुवात असेल. पैसे घेतले नाहीत आणि ५०० किलोमीटर झाल्यावर परत दाखवायला सांगितलंय. काल फोन केला तर ४५० झाले म्हणाला, कूलंटची लेव्हल आहे तिथेच आहे.